ताईला विचारा: दादाला गावाबाहेर ठेवलं, आता तो गणपतीला येत नाही

या वेळचं पत्र रत्नागिरी जिल्ह्यातून आलंय, संगमेश्वर तालुक्यातलं गाव आहे, नाव देत नाही. चार पानं हाताने लिहून त्याचे फोटो काढून पाठवलेत, त्यामुळे सगळं देता येणार नाही, मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, मी गावाला असतो, आंबा-काजूची थोडी कलमं आणि भातशेती. मोठा दादा मुंबईला, लालबागला चाळीत. कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या मे महिन्यात दादा, वहिनी, दोन पोरं आणि आमची आई असे पाचजण भाड्याची गाडी करून रात्री दीड वाजता गावात आले. आई फेब्रुवारीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दादाकडे गेली आणि तिकडेच अडकली होती. मी तेव्हा ग्राम कृती दलात होतो, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या गावच्या गटात. वेशीवर आम्ही बांबू आडवा लावला होता आणि त्या रात्री पाळी नेमकी माझी. मी सांगितलं, चौदा दिवस शाळेत राहावं लागेल. आई म्हणाली, मी मागच्या पडवीत पडून राहते रे, कोणाला दिसणार पण नाही. मी नाही म्हटलं. चौदा दिवसांत कोणाला काही झालं नाही. पंधराव्या दिवशी दादाने आईला अंगणात आणून सोडलं, स्वतः उंबरा ओलांडला नाही. चुलत्यांच्या खोपीत काही दिवस काढले आणि जूनमध्ये परत मुंबईला गेला. पुढच्या वर्षी त्याने चाळीत वेगळा गणपती आणला. २०२३ ला आई गेली तेव्हा आला, दिवसकार्य सगळं केलं, पण जेवला चुलत्यांकडे. आता पुतणीचं लग्न ठरलंय हे मला बाहेरून कळलं. नियम सरकारचा होता ताई. मी एकट्याने बनवला नव्हता. मग माफी मी का मागायची? आणि मागायचीच तर कशी?"

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना चौथ्या पानावर समासात बारीक अक्षरात लिहिलेल्या दोन ओळींवर अडकले. एक, "तसा मी आधी गावाच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाकला होता मुंबईवाल्यांबद्दल, पण तो सगळ्यांसाठी होता, दादासाठी नव्हे." आणि दुसरी, "वहिनीला विहिरीवरून परत पाठवलं असं नंतर ऐकलं, मी तेव्हा तिथे नव्हतो." चार पानं बांबूबद्दल लिहिलीत आणि या दोन गोष्टी समासात टाकल्यात. मला वाटतं तुमचं उत्तर त्या समासातच आहे, पण आधी बांबूचं बोलू, कारण तिथे मी तुमच्या बाजूने आहे आणि ते स्पष्ट सांगितलेलं बरं.

आज मागे वळून बघताना सगळ्यांना सगळं सोपं वाटतं. तेव्हा काय माहीत होतं आपल्याला? मार्चमध्ये तुमच्या जिल्ह्यात पहिला पेशंट सापडला तो गुहागर तालुक्यात शृंगारतळीला, दुबईहून आलेला, आणि त्या एका बातमीने अख्खा जिल्हा हादरला होता. टेस्ट करायला जिल्ह्यात लॅब नव्हती, स्वॅब मिरजेला जायचे, रिपोर्ट यायला दिवसच्या दिवस. या विषाणूची लक्षणं बहुतेकांना पाच-सहा दिवसांत दिसतात पण काहींना चौदा दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि लक्षणं नसलेला माणूससुद्धा दुसऱ्याला देऊ शकतो, एवढं तोपर्यंत कळलं होतं. म्हणून चौदा दिवस. तो आकडा कोणी हवेतून काढला नव्हता. आणि मुंबई तेव्हा कशी होती ते लालबागचा माणूस तुमच्यापेक्षा जास्त जाणत होता, मार्चच्या शेवटी वरळी कोळीवाडा सील झाला, १ एप्रिलला धारावीत पहिला पेशंट निघाला, मे महिन्यात तर बेड मिळेना म्हणून लोक ॲम्ब्युलन्समध्ये बसून हॉस्पिटलं फिरत होते. अशा शहरातून आलेली पाच माणसं, सगळी एका गाडीतून, ती थेट घरात घेतली नाहीत तर त्यात चुकलं काय? आईलासुद्धा पडवीत घेता आलं नसतं, कारण ती त्याच गाडीतून आलेली, आणि गावात तुमचं घर काही एकटं नाही, शेजारी कोणी म्हातारं कोणी दमेकरी असणारच. बांबू बरोबर होता. शाळा बरोबर होती. याची माफी मागू नका, मागितलीत तर ती खोटी होईल आणि दादाला ते लगेच कळेल. धाकट्याचं खोटं मोठ्या भावाला नेहमी कळतं.

आता दादाच्या बाजूने बघा. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसं, मजल्यावर सगळ्यांना मिळून संडास. टीव्हीवर रोज सांगतायत घरात राहा, अंतर ठेवा. कुठे ठेवायचं अंतर? सहा-सात आठवडे तो तसा राहिला, वर म्हातारी आई, डोळ्याचं ऑपरेशन झालेली, ड्रॉप संपलेले असतील. मग प्रवासाच्या परवानगीचा ई-पास काढला, रत्नागिरी जिल्ह्याच्या तोंडाशी कशेडी घाटात गाड्यांची ती भलीमोठी रांग लागायची तिथे तासन्‌तास उभा राहिला. ज्यांना गाडी परवडली नाही ते तर हायवेने नाहीतर कोकण रेल्वेच्या रुळांवरून चालत आले हो, डोक्यावर बोचकं घेऊन. तुमच्या दादाने गाडीला दामदुप्पट भाडं दिलं असणार, म्हणजे दोन महिने पगार नसताना. आणि एवढं करून वेशीवर आला तर बॅटरीच्या उजेडात समोर कोण, तर सख्खा भाऊ. मला वाटतं तोपर्यंतही त्याला राग आला नसेल. वाईट वाटलं असेल, पण कुठेतरी बरंच वाटलं असेल की आपला माणूस उभा आहे. राग नंतर आला. शाळेत. मोबाइल चार्ज झाला, गावाचा ग्रुप उघडला आणि तुमचा व्हॉइस मेसेज ऐकला तेव्हा.

तुम्ही त्यात काय बोललात ते पत्रात नाही, आणि ते तुम्ही लिहिलं नाही यावरूनच अंदाज येतो. तेव्हाचे मेसेज मलाही आठवतात, "मुंबईवाल्यांनी मरण घेऊन गावात येऊ नये" छापाचे, रस्त्यावर झाडं पाडलेले आणि दगड रचलेले फोटो, खाली अंगठे आणि नमस्कार. सगळ्यांसाठी होता म्हणता. अहो सगळे म्हणजे कोण? त्या ग्रुपवर निम्मे लोक मुंबईचेच असतात. कोकणात असं एक गाव दाखवा मला ज्याचं मुंबई मंडळ नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराची संगमरवरी पाटी लागलेली असते त्यावर नावं कुणाची असतात? मनीऑर्डरीच्या काळापासून ते आजच्या गुगल पेपर्यंत गावचा अर्धा संसार लालबाग-परळच्या गिरणगावाने चालवलाय, आणि पहिल्यांदा त्याच लोकांना गावाची गरज लागली तेव्हा आपण त्यांना "बाहेरचे" केलं. मी कोकणातली नाही, ठाण्यात राहते, त्यामुळे मला बोलायला सोपं जातंय हेही खरं.

पण मीही काही सोवळी नाही. त्या मार्चमध्ये मी काय केलं सांगते. पाच किलोऐवजी वीस किलो कणीक आणली आणि तिला मेमध्ये सोंडे झाले. सॅनिटायझर मिळेल त्या भावात घेतलं, नंतर सरकारला भाव बांधून द्यावा लागला, २०० मिलीला १०० रुपये, आणि साधा तीन पदरी मास्क १० रुपये, तोपर्यंत आमच्यासारख्यांनीच दुकानं खाली केली होती. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, पेपर बंद केला, भाजी बाल्कनीत उन्हात ठेवली. चिकनने कोरोना होतो म्हणणारा मेसेज मी फॉरवर्ड केला नाही पण चिकन आणणं मात्र बंद केलं, म्हणजे विश्वास ठेवलाच ना, आणि तिकडे पोल्ट्रीवाले कोंबड्या फुकट वाटत होते नाहीतर खड्ड्यात पुरत होते. हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट नाही नेता येत. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने एक नर्स राहायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, म्हणजे जिन्यातच उभं राहून झालेली मीटिंग, ठरलं की तिने काही दिवस हॉस्पिटलच्याच क्वार्टर्समध्ये राहावं, लिफ्ट वापरू नये. मी काही बोलले नाही. विरोधात नाही, बाजूने पण नाही. मान खाली घालून मोबाइल बघत होते. आठवड्याभराने, २२ मार्चला, संध्याकाळी पाच वाजता आम्ही सगळ्यांनी बाल्कनीत उभं राहून तिच्यासारख्यांसाठी थाळ्या वाजवल्या. ती तोपर्यंत बॅग घेऊन गेली होती. नंतर ती परत आलीच नाही, सामान तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. त्यामुळे "मी तिथे नव्हतो" या वाक्याबद्दल मला थोडं जास्त कळतं, मी तिथे होते आणि तरीही नव्हतेच.

एकदा भीती बसली की तिला कुणाचा तरी चेहरा लागतो हे त्या दिवसांत फार वेळा दिसलं. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले पेशंट सापडले, दुबईला फिरून आलेलं जोडपं, आणि लगेच त्यांची नावं लोकांच्या फोनमधून फिरायला लागली, जणू त्यांनी मुद्दाम आणला. मग त्यांची मुलगी, मग त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा कॅबवाला. ते दोघं बरे होऊन नायडू हॉस्पिटलमधून गुढीपाडव्याला घरी गेले, पण ही बातमी किती जणांनी फॉरवर्ड केली? १८ मार्चला पालघरला चार जणांना गरीब रथमधून खाली उतरवलं कारण डब्यातल्या लोकांना त्यांच्या हातावरचे होम क्वारंटाइनचे शिक्के दिसले. त्यांनी ट्रेनने प्रवास करायला नकोच होता, चूक त्यांची होती हे कबूल. पण शाईचा शिक्का होता कशाला, तर हा माणूस घरी थांबायला हवा एवढं कळावं म्हणून, आणि आपण तो गुन्हेगाराच्या डागासारखा वाचायला लागलो. ईशान्येकडच्या पोरापोरींना रस्त्यात "कोरोना" म्हणून हाका मारल्या गेल्या, ते तर कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

माझी आजी सातारकडची. प्लेगच्या गोष्टी सांगायची, तिच्या आईकडून ऐकलेल्या आणि थोड्या स्वतः बघितलेल्या. घरात उंदीर मरून पडला की गाव हलायचं. सगळंच्या सगळं गाव माळावर जाऊन झोपड्या टाकायचं, सधन असो की गरीब, चार-चार महिने तिथेच चूल. आता त्यातही सगळं गोडगोड होतं असं नाही, झोपड्यासुद्धा जातीपातीप्रमाणेच पडायच्या, आणि पुण्यात १८९७ ला इंग्रजांचे सोल्जर घरात घुसून पेशंट शोधायचे म्हणून लोक आपली आजारी माणसं लपवायचे हा तर इतिहासच आहे. गंमत म्हणजे त्या प्लेगसाठी १८९७ ला केलेला साथरोग कायदाच २०२० मध्ये आपल्याकडे परत लावला. पण आजीच्या गोष्टीतली एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिलीय ती म्हणजे तेव्हा गाव मिळून बाहेर पडलं, आणि आपल्या वेळी गाव आत बसलं आणि माणसं बाहेर राहिली. रोग वेगळा, त्याची चाल वेगळी, त्यामुळे आत बसणंच योग्य होतं, मला मान्य आहे. तरी बाहेर राहिलेल्याला ते वेगळं लागतं.

म्हणून विहिरीचं बोलायला हवं. वहिनी शाळेतून कळशी घेऊन विहिरीवर गेल्या आणि त्यांना तिथून परत पाठवलं. कोणी पाठवलं ते तुम्हाला ठाऊक आहे, गाव केवढंसं असतं. आता तेव्हा लोकांना वाटत होतं की रहाटाच्या दोरीला हात लागला तरी होईल, हा आजार हवेतून जास्त पसरतो आणि वस्तूंवरून फार कमी हे नंतर समजलं, त्यामुळे बायका घाबरल्या यात मी त्यांना दोष देत नाही. पण भाऊ, दोन बादल्या भरून शाळेच्या फाटकाशी ठेवून मागे सरकायला विषाणूचं काय ज्ञान लागतं हो? ते दलातल्या कोणाचं तरी काम होतं ना? गावच्या मेच्या उन्हात पाच माणसं, त्यात दोन पोरं आणि ऑपरेशन झालेली म्हातारी, शाळेचा पत्रा तापलेला, आणि पाणी कोण देणार हे ठरलेलंच नाही. तुम्ही तिथे नव्हतात कारण तुम्ही वेशीवर होतात. वेशीवर पाळी लावली, फाटकाशी पाण्याची पाळी कोणी लावली नाही. माणसं आत येऊ नयेत याची इतकी चोख व्यवस्था आणि आलेल्या माणसांची काहीच नाही, दादाला जे लागलंय ते हे आहे असं मला वाटतं. चौदा दिवस तर त्याने काढलेच की, पळून नाही गेला, मागच्या दाराने घरात नाही शिरला. नियम त्यानेही पाळला. तुम्ही पत्रात नियम पाळल्याचं सगळं श्रेय स्वतःला घेतलंय, ते जरा वाटून घ्या.

आणि शेवटी विषाणू गावात आलाच. दुसऱ्या लाटेत, २०२१ ला, तुमच्या जिल्ह्यात घरोघरी पेशंट होते, तेव्हा कोणी कोणाकडून आणला हे विचारायला सुद्धा कोणाला ताकद नव्हती. तेव्हा दादाचा फोन आला होता का? चुलत्यांना तरी आला असेल, विचारा एकदा. मला उगाच वाटतंय की आला असेल.

आता करायचं काय. फोन करू नका. फोनवर पहिल्या मिनिटाला "तेव्हा परिस्थितीच तशी होती" हे वाक्य तुमच्या तोंडून निघेल, मी पैज लावते, आणि ते वाक्य निघालं की संपलं, कारण परिस्थिती त्यालाही ठाऊक आहे, तो तिच्यातूनच आला होता. "सगळ्याच गावांनी केलं" हेही नको. मुंबईला जा, स्वतः जा, एकटे जा, श्रावणात लावणी आटपली की. लग्नाचं आमंत्रण मिळवायला आल्यासारखं वाटू नये म्हणून लग्नाचा विषय तुम्ही काढायचा नाही, त्यांनी काढला तर आनंद दाखवा, कधी ठरलं मला का नाही कळवलं हे मुळीच नाही.

पहिल्यांदा वहिनीशी बोला, दादाशी नंतर. दोन भावांच्या भांडणात आपण तिला समासात टाकलंय, तुम्ही पण आणि बहुतेक दादाने पण, आणि कळशी घेऊन परत फिरली ती. तिला एवढंच म्हणा की वहिनी, तुम्हाला विहिरीवरून परत पाठवलं, मी पाणी पोचवायला हवं होतं, मी नाही पोचवलं. पुढे "पण" लावायचा नाही. मग दादाला तो मेसेज. त्यात जे बोललात ते शब्द आठवत असतील तर तेच उच्चारून सांगा की मी हे बोललो, तू ग्रुपवर आहेस हे माहीत असून बोललो. कठीण आहे हे, घशाशी येईल. बांबूबद्दल त्याने काही काढलं तर खरं सांगा, की ते आजही करेन, फक्त आज बादली घेऊन उभा राहीन. चिडला तर चिडू द्या. तो म्हणेल आईला तरी घ्यायचं होतंस. त्यावर तुमच्याकडे उत्तर नाहीये आणि माझ्याकडेही नाहीये, बरोबर असूनही काही गोष्टी जन्मभर टोचतात, तिथे गप्प बसा दोघांनी.

आणि गणपतीबद्दल एक अक्षर काढू नका. मला माहितीये तुम्हाला तेच हवंय, पत्रभर तेच आहे, की त्याने चाळीतला गणपती बंद करावा आणि पुन्हा घरी यावं. पण तो गणपती त्याने रागाने आणला असेल तरी आता तो त्याच्या पोरांचा गणपती झालाय, पोरं त्याच्यापुढे मोठी झाली, त्याला आता परत फिरवता येत नाही. तुमच्याकडे गौरीबरोबर विसर्जन असेल ना? त्याचा दीड दिवसाचा असला तर दोन्ही होऊ शकतं, पण हे गणित त्याचं त्याला सुचू दे. तुम्ही त्याच्या घरी गेलात की जिथे मखर लागतं त्या कोपऱ्याला नमस्कार करा, बस.

जाताना तांदळाचं पीठ, कोकम, आमसुलं काय न्यायचं ते न्या, पण मोठी बोचकी नकोत, देणं फेडायला आल्यासारखं दिसतं. आईची एखादी वस्तू घरात असेल, चष्मा, जपमाळ, काहीही, ती न्या. त्याच्याकडे तिचं काही नसेल कदाचित, उंबऱ्याच्या आत आलाच नाही ना तो. आणि परतीचं त्याच रात्रीच्या एसटीचं रिझर्वेशन करून जा, खिशात तिकीट असू द्या, राहा म्हणाले तरच राहायचं.